नऊचा ताळा आणि अंकांची अदलाबदल

नऊचा पाढा पाठ करताना एक गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस यांपैकी कोणतीही संख्या घ्या, तिच्यातील अंकांची बेरीज नऊच येते. पाढा संपल्यावर पुढे गेले तरी अंकांची बेरीज नऊच्या पटीतच येते. नऊ गुणिले १३७ म्हणजे १२३३, आणि १ + २ + ३ + ३ = ९. अशी नक्षी दिसली की आपण ती मित्रांना दाखवतो, सर्वजण थोडे नवल करतात आणि विषय तेथेच संपतो.

तो तेथे संपू नये. प्रत्येक नक्षीमागे बेरीज-गुणाकाराचा एखादा साधा गुणधर्म उभा असतो. तो गुणधर्म सापडला की नक्षी का चालते हे कळते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती कोठे चालणार नाही हेही कळते. नऊच्या या नक्षीचे कारण शोधत गेलो, तर आपण थेट आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकापर्यंत जाऊन पोहोचतो. कसे ते पाहू.

नऊचा ताळा

गुणाकार बरोबर आहे की नाही हे तपासण्याची एक जुनी रीत आहे. तिला नऊचा ताळा म्हणतात. समजा, आपण ४७ × ८६ हा गुणाकार केला आणि उत्तर ४०४२ आले. आता ४७ मधील अंकांची बेरीज ४ + ७ = ११, पुन्हा १ + १ = २. तसेच ८६ मधील अंकांची बेरीज १४, पुन्हा १ + ४ = ५. या दोहोंचा गुणाकार २ × ५ = १०, म्हणजे १. आता उत्तर पाहा. ४ + ० + ४ + २ = १०, म्हणजे १. दोन्हीकडे १ आला, ताळा जुळला.

असे का व्हावे? दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्याण्णव अधिक एक. म्हणून

४०४२ = ४ × (९९९ + १) + ० × (९९ + १) + ४ × (९ + १) + २

आता कंस सोडवा. गुणाकाराचे बेरजेवर वितरण होते हा गुणधर्म आपण शाळेत शिकतो, तो येथे उपयोगी पडतो.

४०४२ = (४ × ९९९ + ० × ९९ + ४ × ९) + (४ + ० + ४ + २)

पहिल्या कंसातील सर्व पदांना नऊने भाग जातो. तेव्हा ४०४२ ला नऊने भागून जी बाकी उरेल, तीच बाकी अंकांच्या बेरजेला नऊने भागूनही उरेल. अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करणे म्हणजे दुसरे काही नसून नऊने भागून बाकी काढण्याची सोपी युक्ती आहे. गुणाकाराचेही तसेच. ४७ = ९ × ५ + २ आणि ८६ = ९ × ९ + ५. यांचा गुणाकार वितरणाने उलगडला की २ × ५ सोडून बाकीच्या प्रत्येक पदात नऊ हा अवयव येतो. म्हणून बाकी २ × ५ वरूनच ठरते.

ताळ्यातून निसटणारी चूक

आता समजा, उत्तर उतरवून घेताना ४०४२ ऐवजी ४४०२ लिहिले गेले. ताळा पाहा. ४ + ४ + ० + २ = १०, म्हणजे १. ताळा जुळला, पण उत्तर मात्र ३६० ने चुकले!

यात ताळ्याचा दोष नाही, तो बेरजेचा स्वभाव आहे. ० + ४ आणि ४ + ० यांची किंमत एकच. यालाच बेरजेचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म म्हणतात. ताळा फक्त अंकांची बेरीज पाहतो आणि बेरजेला अंकांचा क्रम कळतच नाही. म्हणून अंक तेच असून त्यांच्या जागा बदलल्या असतील, तर नऊचा ताळा ती चूक कधीही पकडणार नाही. हे समजायला हजार उदाहरणे तपासावी लागत नाहीत, कारण कळले की पुरे.

जागा बदलण्याची चूक किरकोळ नाही. माणसे क्रमांक उतरवून घेताना ज्या चुका करतात, त्यांत एखादाच अंक चुकणे ही सर्वांत नेहमीची चूक, आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ही तिच्याखालोखाल येणारी. मराठी माणसाला तर हा धोका चांगलाच ओळखीचा असावा. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, पण लिहिताना चार आधी लिहायचा असतो. कोणी भराभर ‘त्रेचाळीस, सत्त्याऐंशी’ असे सांगत गेले, की ३४ किंवा ७८ लिहिले जाणे सहज शक्य आहे. वहीत असे झाले तर एखादा गुण जाईल. पण शिष्यवृत्ती जमा करावयाच्या खाते क्रमांकात असे झाले, तर पैसे दुसऱ्याच्याच खात्यात जाऊ शकतात.

फरकात मात्र ती दिसते

हीच चूक दुसऱ्या बाजूने मात्र पकडता येते, आणि तेथेही नऊच कामास येतो. दशकस्थानी क आणि एककस्थानी ख असेल, तर संख्या १०क + ख. अंक उलटे लिहिले तर १०ख + क. यांतील फरक ९क − ९ख, म्हणजेच ९ × (क − ख). हिशेब लिहिणाऱ्यांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कोठे तरी अंक उलटसुलट लिहिले गेले असावेत असा संशय ते प्रथम घेतात. समजा फरक २७० आहे. २७० = ९ × ३०. तेव्हा शतक आणि दशक या स्थानांवरील, एकमेकांत ३ चे अंतर असलेले अंक शोधावेत. ५८३ च्या जागी ८५३ लिहिलेले सापडू शकेल. अर्थात हा केवळ संशय होय. ७ च्या जागी ७० लिहिले तरी फरक ६३ येतो, आणि त्यालाही नऊने भाग जातो.

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ साली जगापुढे मांडलेला ६१७४ हा अंक याच कुळातला आहे. चार अंकी संख्या घ्या, मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती करत राहा. ३५२४ घेतले तर

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे येथून पुढे संख्या बदलतच नाही. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. वजाबाकीतील दोन्ही संख्यांचे अंक तेच असल्यामुळे प्रत्येक फरक नऊच्या पटीत असतो हे आपण आता सांगू शकतो. ३०८७, ८३५२, ६१७४ या तिन्हींना नऊने भागून पाहा. शिवाय उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील तर फरक ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढा येतो. क − घ ही किंमत १ ते ९ आणि ख − ग ही ० पासून क − घ पर्यंतच असू शकते. मोजून पाहिले तर अशा जोड्या फक्त ५४ भरतात. हजारो संख्यांचा प्रश्न पहिल्याच वजाबाकीनंतर ५४ संख्यांवर येतो, आणि तेवढ्या एका रविवारी हाताने तपासता येतात!

अंकांना वजन द्या

पण मूळ प्रश्न राहिलाच. क्रमांक लिहिताना मूळ संख्या समोर नसते, त्यामुळे फरक काढता येत नाही. तेव्हा क्रमांकातच ताळ्याचा एक जादा अंक जोडून ठेवतात. तो असा हवा की, एखादा अंक चुकला किंवा शेजारचे अंक उलटले, तर लगेच कळावे.

पहिली कल्पना अशी, की प्रत्येक स्थानाला वेगळे वजन द्यावे. १९७० साली पुस्तकांच्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात दहा अंकांना डावीकडून १०, ९, ८ … १ अशी वजने दिली होती. अंक आणि वजन यांच्या गुणाकारांची बेरीज ११ च्या पटीत आली पाहिजे असा नियम होता. उदाहरणार्थ ०३०६४०६१५२ हा क्रमांक घेऊ.

० + २७ + ० + ४२ + २४ + ० + २४ + ३ + १० + २ = १३२ = ११ × १२

आता १ आणि ५ यांची अदलाबदल करा. बेरीज १३६ होते आणि अकराने भागून ४ बाकी उरते. चूक पकडली गेली. शेजारच्या वजनांत एकाचाच फरक असल्यामुळे अदलाबदलीने बेरीज (क − ख) एवढीच बदलते, आणि दोन अंकांतील फरक ११ च्या पटीत असू शकत नाही. एकच अंक चुकला तर बेरीज वजन × फरक एवढी बदलते. हे दोन्ही ११ हून लहान आणि ११ ही मूळ संख्या, म्हणून हा गुणाकारही ११ च्या पटीत येणार नाही. रीत निर्दोष आहे. अडचण एकच. ११ ने भागले की ताळ्याचा अंक कधीकधी ‘दहा’ येतो, आणि एका जागेत दहा मावत नाही. तेथे एक्स हे रोमन अक्षर लिहावे लागे.

१ जानेवारी २००७ पासून पुस्तकांचे क्रमांक तेरा अंकी झाले. त्यांत वजने १, ३, १, ३ अशी आळीपाळीने येतात आणि बेरीज १० च्या पटीत यावी लागते. आता अक्षराची गरज राहिली नाही. पण काय गमावले ते पाहा. वरच्याच पुस्तकाचा तेरा अंकी क्रमांक ९७८०३०६४०६१५७ असा होतो आणि त्याची बेरीज १०० येते. यातील शेवटून चौथा ६ आणि तिसरा १ यांची अदलाबदल केली तर बेरीज ९० होते. तीही दहाच्याच पटीत! चूक निसटली.

वजने बदलून पाहावीत काय? एकच अंक चुकल्यास तो पकडायचा, तर वजनाचा आणि १० चा सामाईक अवयव नसावा. म्हणजे वजने १, ३, ७, ९ यांतलीच हवीत. ही सर्व विषम. दोन विषम संख्यांचा फरक सम, आणि सम संख्येला पाचाने गुणले की दहाची पट येणारच. म्हणून ज्या शेजारी अंकांत ५ चा फरक आहे, त्यांची अदलाबदल या रीतीत कधीच पकडली जाणार नाही.

पाचाचे शून्य होत नाही

वजनाऐवजी प्रत्येक स्थानाला एक तक्ताच दिला तर? बँकांच्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवरील क्रमांकांसाठी अशी रीत वापरतात. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तिच्यात एकाआड एक अंकाची दुप्पट करतात, आणि दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घेतात. म्हणजे ०, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९ यांच्या जागी अनुक्रमे ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ येतात. ही रीत शेजारच्या अंकांची जवळजवळ प्रत्येक अदलाबदल पकडते. फक्त ०९ आणि ९० यांची अदलाबदल सुटते.

एवढी एक जोडी सुटू नये असा एखादा चांगला तक्ता सापडेल काय? नाही. पुढील विचार वही-पेन्सिल घेऊन सावकाश करा.

शेजारच्या दोन स्थानांचे दोन तक्ते आहेत असे समजा. प्रत्येक तक्ता ० ते ९ या अंकांना त्याच दहा अंकांत फिरवतो. दोन अंकांना एकच उत्तर देऊन चालणार नाही, नाही तर एका अंकाची चूक निसटेल. तक्त्यांतून आलेल्या अंकांची बेरीज करून तिचा फक्त एककाचा अंक ठेवायचा आहे. क, ख यांची अदलाबदल कळायची, तर (क चा पहिला तक्ता − क चा दुसरा तक्ता) आणि (ख चा पहिला तक्ता − ख चा दुसरा तक्ता) हे फरक वेगळे हवेत. फरक ऋण आला तर त्यात १० मिळवा. म्हणजे दहा अंकांचे दहा फरक सर्व वेगवेगळे, अर्थात ० ते ९ प्रत्येकी एकदाच यायला हवेत. तसे झाले तर त्यांची बेरीज ४५, तिचा एकक ५. पण दुसऱ्या बाजूने पाहा. सर्व फरकांची बेरीज म्हणजे पहिल्या तक्त्यातील अंकांची बेरीज वजा दुसऱ्यातील बेरीज, म्हणजे ४५ − ४५, तिचा एकक ०. पाच आणि शून्य एक होऊ शकत नाहीत. म्हणून असा तक्ता नाही. निदान एक जोडी सुटणारच, आणि लून यांच्या रीतीत एकच सुटते. याहून चांगले साध्य होणारच नाही.

बेरीजच बदलली

मग मार्ग संपला काय? या युक्तिवादात एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरली आहे. सर्व फरक एकत्र करताना पदे हवी तशी पुढेमागे केली, म्हणजे बेरजेचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म वापरला. तो गुणधर्मच नसलेली एखादी क्रिया घेतली तर? डच गणिती याकोबस फेरहुफ यांनी १९६९ साली नेमके हेच केले. (डच भाषेतही मराठीप्रमाणे एकक आधी उच्चारतात!)

ती क्रिया समजून घेण्यासाठी पुठ्ठ्याचा एक सुसम पंचकोन कापा. एक कोपरा वर धरा. वरच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अ, आ, इ, ई, उ अशी अक्षरे लिहा. मागच्या बाजूलाही त्या-त्या कोपऱ्यावर तेच अक्षर लिहा. आता ० म्हणजे काही न करणे. १, २, ३, ४ म्हणजे काट्यांच्या दिशेने तितकी घरे फिरवणे. ५ म्हणजे उभ्या रेषेभोवती पुठ्ठा उलटणे, डावीकडचे उजवीकडे. ६ ते ९ म्हणजे अनुक्रमे १ ते ४ घरे फिरवून मग उलटणे. अशा दहा कृती झाल्या, आणि कोणत्याही दोन कृती पाठोपाठ केल्या तर या दहांपैकीच एक होते.

प्रथम १ करा, मग ५ करा. वर उ येतो. ही कृती ६ होय. पुठ्ठा मूळ स्थितीत आणून प्रथम ५ करा, मग १ करा. आता वर आ येतो. ही कृती ९ होय. क्रम बदलला, उत्तर बदलले. ज्या क्रियेला क्रम कळतो, ती अदलाबदल पकडू शकते.

या क्रियेत क्रमनिरपेक्षता नाही, पण साहचर्य आहे. तीन कृती पाठोपाठ करताना आधी पहिल्या दोन एकत्र धरल्या काय किंवा शेवटच्या दोन धरल्या काय, पुठ्ठा त्याच स्थितीत येतो. म्हणून बारा अंकांची लांब साखळीही कंसांच्या गोंधळाशिवाय सोडवता येते. एक उणीव मात्र राहते. नुसते फिरवणे क्रम जाणत नाही, १ नंतर २ काय आणि २ नंतर १ काय, उत्तर ३ च. म्हणून फेरहुफ यांनी क्रियेपूर्वी प्रत्येक अंक त्याच्या स्थानानुसार एका तक्त्यातून बदलून घेतला. क्रिया आणि तक्ता मिळून एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाते, आणि ताळ्याचा अंक नेहमी ० ते ९ यांतलाच राहतो.

आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक याच रीतीने काढलेला असतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. रेशनच्या दुकानात किंवा बँकेत आपला क्रमांक यंत्रावर दाबताना दोन शेजारचे अंक उलटले, तर क्रमांक चुकीचा आहे हे या बाराव्या अंकावरून यंत्राला लगेच समजू शकते. मात्र ताळा जुळला म्हणजे क्रमांक खराच कोणाचा तरी आहे असे नव्हे. मनाला येतील ते बारा अंक लिहिले, तरी दहातून सरासरी एकदा ताळा जुळेलच.

बेरजेत क्रम बदलला तरी चालतो, हा नियम आपण इतक्या लहानपणी शिकतो की त्याकडे पुन्हा पाहतच नाही. नऊच्या ताळ्याची सोय त्याच्याचमुळे झाली आणि ताळ्याची चूकही त्याच्याचमुळे निसटली. तो नियम कोठे हवा आणि कोठे नको, हे ज्याने ओळखले त्याला उत्तर सापडले.

करून पाहा

१. घरातील एखादे २००७ नंतरचे पुस्तक घ्या. भारतातील पुस्तकांच्या क्रमांकात ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ असते. १, ३, १, ३ अशी वजने देऊन ताळा पाहा. मग ५ चा फरक असलेले शेजारी अंक सापडतात का, ते शोधा.

२. कापरेकरांची कृती तीन अंकी संख्यांवर करा. कोणती संख्या स्थिर राहते? फरक नऊबरोबरच अकराच्याही पटीत का येतो?

३. पंचकोनाच्या दहा कृतींचा पूर्ण १० × १० तक्ता भरा. त्यातील शंभर जोड्यांपैकी ज्यांत क्रम बदलूनही उत्तर तेच येते अशा जोड्या मोजा. त्या ४० भरल्या, तर तुमचा ताळा जुळला.